वेळापत्रकासाठी एसक्यूलाइट की पोस्टग्रेस?

जीटीएफएस म्हणजे बस-रेल्वेची वेळापत्रकं मांडायचा ठरलेला साचा. त्याची झिप उघडून आतल्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली ज्यांनी चाळल्यात त्यांच्यासाठी हे लिहितोय, म्हणून दोन्ही डेटाबेसची ओळख करून देत बसत नाही. सोलापूर स्टँडवरच्या एसटी गाड्यांचं वेळापत्रक मी त्या साच्यात बसवलं आणि दोन्हीकडे भरून पाहिलं.

पहिल्या भेटीत एसक्यूलाइटच आवडतं. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. सगळा डेटाबेस एका फाइलीत, पेनड्राइव्हवर टाकून कुणालाही द्या. पोस्टग्रेस बसवण्यातच संध्याकाळ जाते.

पण घोडं अडलं ते वेळेपाशी. जीटीएफएसमध्ये मध्यरात्रीनंतरची वेळ आदल्या दिवसाच्या हिशोबातच पुढे मोजतात. सोलापूरहून रात्री सुटून पुण्यात पहाटे साडेचारला पोचणारी गाडी तिथे २८:३०:०० ला पोचते. शिवाय सकाळचे नऊ चाळीस पुढे शून्य न लावता, नुसते ९:४०:०० असेही चालतात. एसक्यूलाइटकडे वेळेचा स्वतंत्र प्रकारच नाही. थेट आयात केलं की सगळा मजकूर. आणि मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, त्यात ९ येतो १० मधल्या १ च्या नंतर. दहानंतरच्या तुळजापूर गाड्या विचारा, नऊ चाळीसची यादीत हजर! एरर नाही, कुरकुर नाही. वेळेचे सेकंद करून ठेवले की प्रश्न मिटतो, खरंय. पण नव्या प्रत्येक फाइलीला ती उठाठेव आलीच, आणि उत्तरात २५:१०:०० ऐवजी ९०६०० दिसलं की डोक्यात भागाकार सुरू.

टाइम प्रकाराच्या कॉलमात २५:१०:०० घातलं तर पोस्टग्रेसही धुडकावतं. पण निदान तोंडावर सांगतं. कॉलम इंटरव्हल (घड्याळातली वेळ नव्हे, कालावधी साठवणारा प्रकार) केला की ९:४० आणि २५:१० दोन्ही नीट बसतात आणि तारखेत सरळ मिळवता येतात: ६ जुलै २०२५, आषाढी एकादशी, अधिक २५:१०:०० म्हणजे ७ जुलैच्या रात्रीचे १:१०. पंढरपूरच्या जादा गाड्या तारीखवार नोंदवाव्या लागतात, तिथे तर हे फारच उपयोगी पडतं.

जवळचा थांबा शोधायला पोस्टग्रेससाठी पोस्टजीआयएस ही नकाशावरच्या जागा हाताळणारी जोड आहे, तशी एसक्यूलाइटसाठी स्पेशियालाइटही आहे. माझ्या कामापुरता फरक जाणवला नाही.

फाइल आपणच बनवलेली, एकाच शहराच्या बस, तीही फोनवरच्या ॲपसाठी, तर एसक्यूलाइट खुशाल घ्या. दुसऱ्यांनी बनवलेल्या फाइली येत राहणार असतील तर मी आपला पोस्टग्रेसकडे झुकतो. एकच सुटसुटीत फाइल हवी असली, तरी आधी पोस्टग्रेसमध्ये भरून घेतो आणि मग तिथून एसक्यूलाइटमध्ये काढतो.