रविवारचा वर्ग आणि सोमवारची शिफ्ट: अभियांत्रिकी व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाविषयी

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये नऊ वर्षे काढल्यानंतर मी नाशिकमधीलच एका संस्थेत अभियांत्रिकी व्यवस्थापन आणि तांत्रिक नेतृत्व या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. वर्ग शनिवारी दुपारी व रविवारी दिवसभर भरत असल्याने नोकरी सोडावी लागली नाही. पवईच्या ज्या संस्थेला आपण अजूनही ‘निटी’ म्हणतो आणि जी २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे, तिथे पूर्णवेळ शिकणे घरच्या हप्त्यांमुळे शक्यच नव्हते. मी शिकलो त्या नाशिकच्या संस्थेविषयी काही तक्रारी असल्याने तिचे नाव येथे देत नाही.

पहिल्या सत्रातील उत्पादन व्यवस्थापन हा विषय मला सर्वांत उपयोगी वाटला. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम सांगायला अगदी सोपा आहे: लाइनवर अर्धवट पडलेल्या मालाला रोजच्या सरासरी उत्पादनाने भागले, की एक नग आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत लागणारा सरासरी काळ मिळतो. प्राध्यापकांनी तो फळ्यावर न सोडवता ‘उद्या आपापल्या शॉपमध्ये जाऊन मोजा’ असे सांगितले. सोमवारी पहिल्या शिफ्टला मी ट्रॉल्या मोजल्या. एकूण ९०० शाफ्ट निघाले आणि रोजचे उत्पादन होते १५०, म्हणजे प्रत्येक शाफ्ट सरासरी सहा दिवस आमच्याकडे मुक्काम करत होता, आणि त्यावरचे मशीनिंग तर तासाभराचेही नव्हते. भट्टीवरचे मामा माझी मोजणी पाहून म्हणाले, ‘साहेब, ट्रॉल्या मोजून काय होणार? भट्टी एकच आहे, तुम्ही टर्निंगवाल्यांना जरा थांबवा.’ टर्निंग म्हणजे भट्टीआधी लेथवर होणारे काम. अडथळा कुठे आहे हे शोधण्यासाठी मी शुल्क भरत होतो आणि उत्तर मामांकडे कितीतरी आधीपासून होते, हे मान्य करायला हवे. तरीही वरिष्ठांना पटवण्यासाठी लागणारा आकडा मला त्या वर्गातच मिळाला. टर्निंगकडे सोडला जाणारा माल भट्टीच्या वेगाला बांधल्यावर दोन महिन्यांत अर्धवट माल ४५० वर आला आणि मुक्काम तीन दिवसांवर.

अर्थशास्त्राच्या तासांनी माझा गर्व उतरवला. ४० लाखांचे ग्राइंडिंग मशीन वर्षाला नऊ लाख वाचवते, म्हणजे साडेचार वर्षांत पैसे वसूल, असा माझा प्रस्ताव दोनदा नामंजूर झाला होता आणि त्याचा राग मनात होता. बारा टक्के दराने सात वर्षांच्या बचतीचे आजचे मूल्य, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत, काढले तेव्हा ते जेमतेम ४१ लाख भरले. घसाऱ्यावरील, म्हणजे यंत्राच्या दरवर्षी घटणाऱ्या किमतीवरील, करबचत धरली तर चित्र सुधारते, हेही मग शिकलो. पण नकार देणारा माणूस अडाणी नव्हता, एवढे कळले.

प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी सिंहस्थाच्या कामांचे उदाहरण घेतले, ते नाशिककरांना लगेच भिडले. पर्वणीची तारीख पुढे ढकलता येत नाही आणि पावसाळ्यात गोदावरीला पूर असताना पात्रातील घाटाचे काम करता येत नाही. अशा दोन अटींमध्ये कोणते काम एक दिवसही लांबले तर सगळे लांबते, हे शोधणे म्हणजेच क्रिटिकल पाथ. ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत आकाराला आली.

अभ्यासक्रमाच्या नावात ज्या नेतृत्वाचा उल्लेख ठळकपणे आहे, तो भाग मात्र सर्वांत पोकळ निघाला. परदेशी कंपन्यांच्या प्रमुखांवरील स्लाइड आणि स्वभाव ओळखण्याच्या प्रश्नावल्या यांतच सत्र संपले. निम्मे ऑपरेटर कंत्राटी, निम्मे कायम, दोघांचे काम एकच आणि पगार वेगळा, अशा लाइनवर रात्रपाळीला शिस्त कशी राखावी, असा प्रश्न एका सहाध्यायीने विचारला तेव्हा ‘संवाद वाढवा’ एवढेच उत्तर मिळाले. माहितीपत्रकात छापलेल्या औद्योगिक भेटींपैकी एक तर अंबडच्याच कारखान्यात झाली, जिथे आमच्यातले तिघे रोज कार्ड पंच करतात. माझ्या प्रकल्पाचे मार्गदर्शक दोनदा बदलले. तिसऱ्यांनी पहिल्या प्रकरणापासून पुन्हा लिहायला लावले आणि त्यात माझे सत्र लांबले.

हे सगळे धरूनही, पाच-सहा वर्षे शॉप फ्लोअरवर काढलेल्या अभियंत्याला मी हा अभ्यासक्रम सुचवेन. नुकत्याच पदवी घेतलेल्यांना नाही, कारण मोजायला त्यांच्याकडे ट्रॉल्या नसतात. प्रवेशापूर्वी एका रविवारी वर्गात मागे बसू देण्याची विनंती करावी आणि प्रकल्पाचा मार्गदर्शक कोण, तो संस्थेत कायम आहे की तासिका तत्त्वावर, हे शुल्क भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.