घर खरं होतं, घरमालक खोटा

सुट्टीसाठी घर भाड्याने घेताना कुणी फसलं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, दिलेल्या पत्त्यावर मोकळा प्लॉट निघाला असणार, नाहीतर हे लोक कवडीमोल भाड्याला भुलले असणार. आमच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. बंगला होता, फोटोत दिसत होता तसाच होता, आणि भाडंही आजूबाजूच्या घरांपेक्षा फार कमी नव्हतं. ज्याला पैसे दिले त्याचा मात्र त्या बंगल्याशी काडीचाही संबंध नव्हता. या प्रकाराला नेहमीचे सल्ले पुरे पडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही तीन कुटुंबं, सोबत लहान मुलं आणि आई. आईचे गुडघे गेलेत, त्यामुळे खोली तळमजल्यावर हवी, बाथरूम लागून हवं, पायऱ्या कमीत कमी हव्यात. हॉटेलात हे सगळं जुळवायचं आणि वर सगळ्यांनी एकत्र राहायचं, ते जमत नाही. म्हणून आख्खं घर. वहिनीने एका मोठ्या बुकिंग साइटवर तसं घर शोधून काढलं. रिव्ह्यू भरपूर, जुने, एकमेकांपासून वेगळे, म्हणजे खऱ्या माणसांनी लिहिलेले वाटावेत असे. अशा घरांना बहुधा एखादं छानसं नाव असतं, तसं यालाही होतं. दादा म्हणाला, "साइटला कमिशन कशाला भरायचं? नावाने शोधू, मालकाशी थेट बोलू." यात वावगं काही नाही. कितीतरी घरमालक थेट बुकिंगला कमी भाडं घेतात, आणि ते स्वतःच तसं सांगतात. भामट्यांनी नेमकी हीच सवय हेरलीय.

नाव टाकल्याबरोबर सगळ्यात वर घराची 'अधिकृत' वेबसाइट आली. तिच्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' असं लिहिलेलं होतं. म्हणजे ती जाहिरात होती, वरची जागा पैसे मोजून घेतलेली. आत तेच फोटो, तोच पत्ता, तोच नकाशा आणि बुकिंग साइटवरून उचललेले तेच रिव्ह्यू, पाहुण्यांच्या नावांसकट. बुकिंगसाठी व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला होता. ऑनलाइन नकाशावर त्या घराच्या नावाखाली पाहिलं, तर तिथेही तोच नंबर! त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. गूगल मॅप्ससारख्या नकाशांवर कुठल्याही ठिकाणाच्या माहितीत कुणीही बदल सुचवू शकतं आणि मालकाचं लक्ष नसेल तर चुकीचा नंबर तसाच राहून जातो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

वहिनी अशा बाबतीत कुणाला सोडत नाही. तिने फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या सोयीत, टाकून पाहिले. तेच घर, तेच ठिकाण, बुकिंग साइटवरची तीच जुनी लिस्टिंग. पत्ता स्ट्रीट व्ह्यूवर, म्हणजे नकाशातल्या रस्त्यावरच्या फोटोंमध्ये, पाहिला, फाटकाचा रंगसुद्धा जुळला. वेबसाइटच्या पत्त्यापुढे कुलपाचं चिन्ह होतं. (या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मध्ये कुणी डोकावू शकत नाही. पलीकडे बसलेला साव आहे की चोर, याच्याशी कुलपाला देणंघेणं नसतं. ते प्रमाणपत्र आज फुकट आणि काही मिनिटांत मिळतं.) सगळ्या परीक्षा पास. पास होणारच होत्या, कारण प्रत्येक परीक्षा घराची होती आणि घर खरंच होतं. त्या माणसाने घराबद्दल आम्हाला एक शब्दही खोटा सांगितला नाही.

आता त्या माणसाविषयी. फसवणारा म्हणजे घाई करणारा, गोड बोलणारा, 'आत्ताच पैसे भरा नाहीतर बुकिंग जाईल' म्हणणारा, अशी आपली कल्पना असते. हा उलट कडक होता. रात्री उशिरा गाणी लावायची नाहीत. पोहण्याच्या तलावापाशी मुलं एकटी दिसली तर आमची जबाबदारी नाही. आम्ही मागितलेल्या तारखांपैकी पहिली त्याने सरळ नाकारली: "त्या दिवशी दुसरे पाहुणे आहेत, दुसऱ्या दिवसापासून देतो." बुकिंग साइटवरचं कॅलेंडर उघडून पाहिलं, तर तो दिवस खरंच भरलेला. साहजिक आहे, तोही तेच कॅलेंडर बघून उत्तर देत होता. पण नकार देणारा माणूस चोर असेल असं कुणाच्या मनात येतं?

आईबद्दल कळल्यावर म्हणाला, "आजींना मागची खालची खोली देतो. तिथल्या बाथरूममध्ये धरायला दांडा आहे." वहिनी त्याच क्षणी विरघळली. तो दांडा लिस्टिंगमधल्या एका फोटोच्या कोपऱ्यात दिसतो, आम्ही नंतर झूम करून पाहिला.

घराचा व्हिडिओ मागितला, तोही आला. फाटकापासून आतपर्यंत, मस्त. खऱ्या मालकाने सोशल मीडियावर टाकलेला होता, त्याने उतरवून घेतला इतकंच. दादाने व्हिडिओ कॉल करायला सांगितलं तेव्हा म्हणाला, "मी आत्ता प्रवासात आहे, केअरटेकरकडे साधा फोन आहे." पटण्यासारखंच उत्तर. आम्ही न मागता त्याने स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला आणि नोंदवहीसाठी आमच्यातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागितलं. अशा घरांमध्ये ते मागतातच, म्हणून दिलं. या ओळखपत्रांकडे पुन्हा यायचंय.

अर्धं भाडं आगाऊ, बँक ट्रान्सफरने. पैसे पाठवताना दादाच्या मोबाइलवर खातेदाराचं नाव दिसलं. ते घराचं नव्हतं आणि ओळखपत्रावरचंही नव्हतं. विचारल्यावर, "आमचे हिशेब बघणारे आहेत, बुकिंगचं सगळं त्यांच्याच खात्यात येतं." पाठोपाठ घराचा लोगो असलेली व्यवस्थित पावती, बुकिंग क्रमांकासकट. मग परत मिळणारं डिपॉझिट. तेही भरल्यावर मेसेज आला: "दोन रकमा वेगवेगळ्या आल्यामुळे सिस्टीमने बुकिंग अडवून ठेवलंय. पूर्ण रक्कम एकदम पाठवा, आधीची आपोआप परत येईल." इथे दादा चिडला आणि म्हणाला, आता एक पैसा देणार नाही. त्यावर तो माणूस लगेच मागे सरला. "काही हरकत नाही सर, मी आमच्या माणसाकडून हाताने नोंद करून घेतो, उरलेलं आल्यावर द्या." असा समजूतदारपणा पाहून दादाचा राग तर गेलाच, उरलासुरला संशयही गेला. मला अजूनही वाटतं, पूर्ण खेळातली सगळ्यात हुशार चाल हीच होती. जाळं जास्त ओढलं की तुटतं, हे त्याला ठाऊक होतं. मिळालं तेवढ्यावर तो थांबला, आणि आमची तक्रार प्रवासाच्या दिवसापर्यंत लांबली.

पोहोचलो तेव्हा पोर्चमध्ये दोन अनोळखी गाड्या उभ्या, आणि दारात लहानमोठ्या चपलांचा ढीग. आमच्या पोरांना वाटलं, आपल्याआधी मामा पोहोचला. केअरटेकर बाहेर आले. दादाने मोबाइलवरची पावती पुढे केली. त्यांनी ती हातात न घेताच विचारलं, "ताई, वेबसाइटवरून केलं का हे?" त्या प्रश्नावरूनच काय ते कळलं. खुर्ची आणून त्यांनी आधी आईला बसवलं आणि मालकांना फोन लावून दिला. मालकही वैतागलेले होते. त्यांच्या नावाने हा धंदा चालू असल्याचं त्यांना माहीत होतं, तक्रारी करून झाल्या होत्या, नकाशावरचा नंबर त्यांनी एकदा बदलून घेतला होता आणि तो पुन्हा बदलला गेला होता. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. उतरायला दुसरी जागा शोधेपर्यंत अंधार पडला. सुट्टीतल्या गर्दीत तळमजल्याची खोली कुठली मिळणार! आई दोन जिने चढली.

बँकेला फोन गाडीतूनच केला. तिथे पहिला धडा मिळाला तो पैशाच्या वाटेचा. आपण आपल्या हाताने दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेली रक्कम बँकेच्या लेखी 'तुम्हीच परवानगी दिलेला व्यवहार' असतो. ज्या खात्यात ती जाते ते बहुतेकदा तिसऱ्याच कुणाचं तरी असतं, थोड्या मोबदल्यासाठी वापरायला दिलेलं. तिथून रक्कम तुकडे होऊन पुढच्या खात्यांत जाते आणि शेवटी कुठेतरी रोख काढली जाते. खात्यात पैसे शिल्लक असतील तर गोठवता येतात, म्हणून तक्रार तासांत व्हायला हवी. आम्ही तक्रार केली तोवर मधे बरेच दिवस गेले होते, ते त्याच्या त्या समजूतदारपणामुळे. कार्डाने भरलं असतं तर बँकेमार्फत 'सेवा मिळाली नाही' म्हणून पैसे परत मागण्याची रीतसर सोय असते. ट्रान्सफरला ती नाही, म्हणून असे लोक कार्ड घेतच नाहीत. 'कार्डाचं मशीन बंद आहे', 'कार्डावर जास्तीचे चार्जेस लागतात', काहीही सांगतात.

मोठ्या साइटवरून बुकिंग केलं म्हणजे निर्धास्त, असंही मी म्हणणार नाही. 2019 साली 'व्हाइस' या बातम्यांच्या वेबसाइटच्या एका पत्रकार बाईंनी शिकागोतला स्वतःचा अनुभव लिहिला होता. एअरबीएनबी या घरभाड्याच्या मोठ्या साइटवरून घेतलेल्या घरात पोहोचायच्या ऐन वेळी यजमानाचा फोन आला की तिथलं टॉयलेट बिघडलंय, दुसऱ्या मोठ्या घरात सोय करतो. ते दुसरं घर भलतंच निघालं. त्या मागावर गेल्या तेव्हा त्यांना बऱ्याच शहरांमध्ये खोट्या नावांनी चाललेला हाच उद्योग सापडला, आणि मग कंपनीने सगळ्या घरांची पडताळणी करण्याची घोषणा केली. म्हणजे साइटच्या आतही भामटे असतात. फरक इतकाच की तिथे पैसा मधे अडतो. एअरबीएनबी यजमानाला साधारणपणे पाहुणा उतरल्यानंतर 24 तासांच्या सुमारास पैसे सोडते. दारात उभं राहून 'हे घर मिळालंच नाही' असं सांगायला तेवढी खिडकी उघडी राहते. कमिशनमध्ये हीसुद्धा किंमत धरलेली असते, हे घासाघीस करताना डोक्यात येत नाही.

थेट बुकिंग करू नका, असं मी तरीही सांगणार नाही. चांगले मालक आहेत, त्यांचे चार पैसे वाचले तर हवेच आहेत. पण माझ्या मते घर तपासण्यात घालवलेला वेळ निम्मा करा आणि पैसे कुणाकडे चाललेत हे तपासण्यात घाला. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे जुन्या बुकिंग साइटवरूनच मालकाला एक ओळीचा मेसेज टाका: 'तुमची स्वतःची वेबसाइट आहे का?' तिथलं खातं त्याचं असतं, तिथे ते उत्तर बहुतेकदा खरा मालकच देतो. आमच्या मालकांची वेबसाइटच नव्हती. दुसरं, वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं ते 'हू इज' या सोयीवर फुकट दिसतं. आमच्या 'अधिकृत' साइटवर वर्षानुवर्षांच्या आदरातिथ्याच्या गप्पा होत्या आणि नाव नोंदवून जेमतेम काही आठवडे झाले होते. तिसरं, व्हिडिओ कॉल चालू असताना काहीतरी ऐनवेळचं करायला सांगा. मागच्या खोलीची खिडकी उघडा, बाथरूमचा नळ सोडून दाखवा. घरात उभा असलेला माणूस हसत दाखवेल. बाहेरगावी असलेला खरा मालकही दुसरी वेळ ठरवून देईल, विषय बंद करणार नाही. आणि खातेदाराचं नाव वेगळं दिसलं तर तिथेच थांबा, मग कारण कितीही पटणारं असो. ज्याचा बंगला आहे त्याचं स्वतःचं बँक खातं असतंच.

तक्रारीनंतर काही दिवसांनी मला एक फोन आला. बाई फारच आपुलकीने बोलत होत्या. तुमच्या प्रकरणातली रक्कम 'ट्रेस' झालीय, परत मिळवायला तेवढं प्रक्रिया शुल्क भरा. माझं नाव, बंगल्याचं नाव, रक्कम, सगळं बरोबर सांगत होत्या. फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, आणि एकदा बुडालेला माणूस बुडालेलं काढण्यासाठी आणखी देतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मी फोन ठेवून तो नंबरही पोलिसांकडे दिला.

तक्रार लिहून घेणाऱ्या पोलिसांनी त्या 'मालका'चं ओळखपत्र पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही तुमची दिलीत ना त्याला?" दिली होती, आईच्यासकट. मग त्यांनी सांगितलं की बहुतेक वेळा हा कार्डावरचा माणूसही आमच्यासारखाच कधीतरी घर बुक करायला गेलेला असतो. आम्ही त्या नावाच्या गृहस्थाला इतके दिवस मनात शिव्या घालत होतो. तक्रारीच्या अर्जात आता आमच्या सगळ्यांची ओळखपत्रं त्या भामट्याकडे गेल्याची वेगळी नोंद करून घेतलीय आणि शिक्क्याची प्रत जवळ ठेवलीय. तुम्हाला कुठे ओळखपत्र पाठवावंच लागलं, तर त्या फोटोवर आडवं 'फक्त अमुक तारखेच्या बुकिंगसाठी' असं लिहून पाठवा, म्हणजे ते पुढच्या गिऱ्हाइकाला मालकाचं म्हणून सहजासहजी दाखवता येणार नाही. आमची तशीच कोरी गेलीत. एखाद्या बंगल्याची मालकीण म्हणून तुम्हाला पांढऱ्या केसांच्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या आजींचं ओळखपत्र आलं, तर कृपा करून पैसे पाठवू नका.