घोंगडी उत्तम, माहितीपत्रक अपुरे

दादर पश्चिमेच्या एका हातमागाच्या दुकानातून घेतलेल्या काळ्या घोंगडीबद्दल, वस्तू म्हणून, माझी काहीच तक्रार नाही. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, तेव्हा शालीचा मऊपणा हवा असणाऱ्याने ती घेऊ नये. पण वीण घट्ट आहे, काठ सरळ आहेत, आणि चिंचोक्याच्या खळीने आलेला ताठपणा वापरता वापरता उतरत जातो. किंमतही रास्त वाटली.

तक्रार आहे ती सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल. त्यात हिरवे माळरान, मेंढ्यांचा कळप आणि धनगरांच्या निसर्गप्रेमाची स्तुती आहे. ते माळरान कोणाचे आणि तिथे चारायला परवानगी कोणाची, याबद्दल अवाक्षर नाही. फलटणकडचे वाडे, म्हणजे कळपांसह एकत्र फिरणारे मेंढपाळांचे तांडे, दिवाळीनंतर कोकणाकडे निघतात, वाटेतले शेतकरी खतासाठी मेंढ्या रानात बसवून घेतात आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात. या व्यवहारात दोघांचीही गरज भागते, म्हणून तो टिकला. मात्र पाणी आले, ऊस आला, रान मोकळे राहीनासे झाले, की त्याच शेतकऱ्याला तोच कळप नकोसा होतो. गायरानावर अतिक्रमणे होतात. वनखाते रोपवन करून चराई बंद करते, आणि त्याचीही बाजू आहेच, कारण कोवळी रोपे मेंढ्यांपुढे टिकत नाहीत. पण मुळात जे गवताळच होते, त्या माळावर झाडे लावण्याचा हट्ट मला पटत नाही. माळढोक पक्ष्यालाही उघडे गवतच लागते.

2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. दावा मात्र ग्रामसभेपुढे जातो, आणि ज्या गावात वाडा दोन रात्री मुक्काम करतो तिथल्या ग्रामसभेत मेंढपाळाची बाजू कोण मांडणार, हा प्रश्न सुटत नाही. खरी अडचण इथे आहे, आणि मुंबईत लोकर विकणाऱ्याने ती गिऱ्हाइकाला सांगायला हवी.

दुकानदारांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, ही जमेची बाजू. चिठ्ठीवर विणणाऱ्या सणगराचे गाव छापलेले आहे. तिथेच लोकर कोणत्या वाड्याची आणि त्या मेंढ्या कोणत्या तालुक्यांतून चरत गेल्या, एवढे दोन ओळींत छापावे. घोंगडी घ्यायला मी निःसंकोच सुचवेन, आणि घेताना प्रत्येकाने ही माहिती मागावी.