फोर्ड एफ-१५०: ट्रेलर ओढायला टर्बो व्ही-६ की व्ही-८?

ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर) ओढायचा असेल, तर माझं मत ३.५ लिटर इकोबूस्टला, म्हणजे फोर्डच्या टर्बो व्ही-६ला. २०२१च्या एफ-१५० पिकअप ट्रकमध्ये दोन्ही इंजिनं ४०० अश्वशक्तीचीच. पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) इकोबूस्टचा ५०० पाउंड-फूट, ५.० लिटर व्ही-८चा ४१०. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्याकडे, ११,००० फुटांवर चढताना हवा विरळ होते. व्ही-८ला धाप लागते, गियर खाली उतरतो, आरपीएमचा काटा वर चढतो. टर्बो तीच हवा दाबून कमतरता बरीच भरून काढतो. सपाट रस्त्याला, हलक्या ट्रेलरला मात्र साध्या रचनेचं व्ही-८ पुरेसं आहे.

आणि हो, आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पेलोडचं (गाडी अंगावर किती वजन पेलते त्याचं) स्टिकर वाचा. ६,००० पाउंडांचा ट्रेलर हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) ६०० ते ९०० पाउंड टेकतो. तेवढा पेलोड माणसं बसायच्या आधीच संपतो.