जलदुर्गाभोवतीचा समुद्र: इपॉक्सी की ॲक्रिलिक?

तट-बुरूज हुबेहूब साधले, तरी जलदुर्गाच्या प्रतिकृतीचा खरा कस पाण्यात लागतो. मालवणच्या कुरटे बेटावर 1664 साली बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाची दोन फुटी प्रतिकृती करताना मी समुद्र आधी ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे सुकून पारदर्शक होणाऱ्या तयार द्रवात केला, तो खरवडून काढला आणि मग इपॉक्सीमध्ये, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या पारदर्शक राळेत ओतला. पुढील मत या दोन समुद्रांवरूनच बनले आहे.

ॲक्रिलिक वापरायला सोपे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मापे घ्यावी लागत नाहीत, वास नगण्य असतो आणि तटावर सांडलेला थेंब ओला असेपर्यंत पुसता येतो. ओढा किंवा भाताचे खाचर असे दोन-तीन मिलीमीटरचे पाणी करायचे असेल, तर मी आजही तेच घेईन.

माझा समुद्र मात्र 12 मिलीमीटर खोल होता. ॲक्रिलिक त्यातील पाणी उडून गेल्यावर सुकते, त्यामुळे जेवढे पाणी उडते तेवढे ते आकसते. ऐन श्रावणात ओतलेल्या थरांचा वरचा पापुद्रा आधी सुकला, खालचा ओलावा कोंडला आणि कित्येक आठवडे समुद्र दुधाळच राहिला. तो निवळला, तेव्हा बेटाभोवती केसाएवढी फट पडलेली होती. पाणी किल्ल्याला भिडलेले नाही, हे एकदा नजरेला आले की त्या प्रतिकृतीत दुसरे काही दिसत नाही. मी फट भरली, तर भरलेलेही आकसले. माझ्यापुरता निर्णय त्या फटीने केला.

इपॉक्सी रासायनिक क्रियेने घट्ट होते. त्यातून काही उडून जायचे नसल्याने आकसणे जवळजवळ जाणवत नाही आणि पाणी तटाला चिकटून राहते. त्याचे लाड मात्र पुरवावे लागतात. रेझिन (मूळ राळ) आणि हार्डनर (ती घट्ट करणारा द्रव) यांची घनता वेगळी असल्याने मिसळण्याचे प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे, हे नीट वाचावे. चुकले तर पाणी कायमचे चिकट राहते. जाड थर तापतो आणि खालचा थर्मोकोल उष्णतेने खचू शकतो, म्हणून मी एका वेळी चार-पाच मिलीमीटरच ओततो. सच्छिद्र पाया आधी रंगाने किंवा वॉर्निशने बंद केला नाही, तर त्यातली हवा बुडबुडे होऊन वर येते. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. उन्हात इपॉक्सी पिवळे पडते, म्हणून प्रतिकृती खिडकीपासून दूर ठेवावी. ते कडेला किंचित वर चढते, हा दोष विहिरीच्या भिंतीवर खुपेल; समुद्राने भिजलेल्या तटावर मला तो शोभूनच दिसला.

इपॉक्सीचा पृष्ठभाग तळ्यासारखा सपाट होतो, त्यामुळे लाटा आणि फेस यांसाठी वरून ॲक्रिलिक जेल लावावेच लागते. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट पापुद्राही धरू शकतो. तेव्हा ओतण्याचे काम शक्यतो दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत काढावे.