महूच्या शिंप्याने शिवलेल्या लोकरी पायपट्ट्या

इंदूरमधील आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातील नाटकात १९१५-१६ साली, पहिल्या महायुद्धात, कूत (आजच्या इराकमधील गाव) येथील वेढ्यात सापडलेले इंग्रजी फौजेतील मराठा पलटणीचे शिपाई आहेत, आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्ट्या चढवल्याशिवाय त्यांचा गणवेश पुरा होत नाही. आधी एका दुकानातून त्या भाड्याने आणल्या होत्या. पण पातळ सुती कापडाच्या असल्याने पहिल्याच तालमीत त्या घसरून घोट्याशी गोळा झाल्या. म्हणून महूच्या छावणीबाजारातील, गणवेश शिवण्यात हयात गेलेल्या एका शिंप्याकडून सहा जोड्या करवून घेतल्या.

कापड खाकी लोकरी सर्ज आहे, आणि इथेच त्याने बाजी मारली. लोकर लोकरीवर धरून राहते, त्यामुळे वेढे सरकत नाहीत. प्रत्येक पट्टी नऊ फूट लांब व चार इंच रुंद असून एक टोक निमुळते करून त्याला सुती फीत जोडली आहे. इंग्रजांनी ही वस्तू आपल्याकडूनच घेतली आणि तिचे puttee हे नावही 'पट्टी'वरूनच केले, हे शिंप्याला सांगितले तेव्हा त्याने फीत उसवून पुन्हा अधिक नीट जोडून दिली, याचे मला फार अप्रूप वाटले.

पायदळाचा शिपाई बुटाच्या वरच्या कडेपासून सुरुवात करून वर गुंडाळत जाई आणि गुडघ्याखाली फीत बांधी. घोडेस्वार मात्र गुडघ्यापासून खाली येऊन घोट्याशी बांधी. दोन्ही पायांवर शेवटचे टोक बाहेरच्या बाजूस यावे, म्हणून डावा व उजवा पाय उलटसुलट दिशेने गुंडाळावा लागतो. घट्टपणाचा अंदाज यायला आमच्या मुलांना चार तालमी लागल्या. एकाने इतके आवळले की अर्ध्या तासात त्याच्या पायाला मुंग्या आल्या. पहिल्या महायुद्धात चिखलपाण्यात दिवस काढणाऱ्या सैनिकांचे पाय सडण्यास अशा आवळलेल्या पट्ट्यांनीही हातभार लावला होता.

उणिवा दोन आहेत. इंग्लंडमधील फॉक्स ब्रदर्सच्या प्रसिद्ध पट्ट्या पोटरीच्या वळणावर बसतील अशा किंचित वक्र असत; या सरळ असल्याने पोटरीवर प्रत्येक वेढा हाताने बसवावा लागतो. शिवाय कडांचे इंटरलॉक जाड झाले आहे आणि पुढच्या रांगेतून ते दिसते. तरीही साडेसहाशे रुपयांना एक जोडी, तीही आठ दिवसांत, हा सौदा मला पूर्ण समाधानाचा वाटला.

मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : शिंप्याकडून गुंडाळ्या फीत बाहेर ठेवून येतात. त्या उलगडून, फीत आत घेऊन पुन्हा गुंडाळाव्यात, म्हणजे विंगेत घाईच्या वेळी बांधायला सुरुवात करण्याचे टोक थेट हातात येते.