नाववाला फ्रॅग घ्यावा की साधा? कोकणातल्या नव्या टाकीसाठी तुलना

माझ्या भाच्याने गणपतीनंतर रत्नागिरीत दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी लावली. दोन महिने त्याने ती नुसत्या दगडांवर चालवली, हे त्याचं शहाणपण. आता त्यात प्रवाळांचे तुकडे, म्हणजे फ्रॅग, आणायचेत म्हणून परवा त्याचे दोन फोटो आले. एकात निळ्या उजेडात निखाऱ्यासारखा पेटलेला झोआ (फुलांच्या गुच्छासारखा मऊ प्रवाळ), लांबलचक इंग्रजी नाव आणि किंमत पॉलिपमागे, म्हणजे एकेका फुलामागे. दुसऱ्यात एका दगडावर आठ-दहा हिरवट मश्रूम (हाही प्रवाळच, आकार अळंबीचा), नाव काहीच नाही. खाली प्रश्न : "मामा, पहिल्याच्या तीन पॉलिपच्या पैशात दुसऱ्याचे चार दगड येतात. कुठला घेऊ?"

आमच्या शेजारच्या काकींना विचारलं असतं तर त्यांनी दोन्ही बाद केले असते. माझी टाकी पहिल्यांदा बघून त्या म्हणाल्या होत्या, "दर्या भायर असा, तो घरात कित्याक हाडलंस?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण ज्याची टाकी आधीच लागली आहे, त्याला दोन फोटोंमधला फरक सांगता येतो.

नावाचे किती, जिवाचे किती

झोआ आणि मश्रूम दोघेही मऊ. आत चुन्याचा सांगाडा नाही, अन्न मुख्यतः पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाकडून येतं. कापले की तुकडा नवा जीव धरतो. मश्रूमचे ब्लेडने दोन भाग केले तर दोन मश्रूम होतात. ही कोकणातल्या माणसाला समजावून सांगायची गोष्ट नाही, कारण आपला हापूस असाच पसरला. एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधली, की तेच झाड. फ्रॅग म्हणजे प्रवाळाचं कलम.

पण हापूसच्या कलमाला कुणी सोन्याचा भाव देत नाही. कलम बांधणारे गावोगाव आहेत, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून रत्ना किंवा सिंधूचं कलम आणलं तर ते रत्ना किंवा सिंधूच असणार, हा भरवसा आहे. प्रवाळाच्या नावांना असा मायबाप नाही. अमेरिकेतल्या एखाद्या विक्रेत्याच्या टाकीत वेगळ्या रंगाचा पॉलिप दिसला की तो त्याला नाव देतो, चार तुकडे करतो आणि पहिले चार जण वाटेल ते मोजतात. ऱ्होडॅक्टिस या मश्रूमचा अंगावर फुगे येणारा 'बाउन्स' नावाचा प्रकार तिकडे असाच शेकडो डॉलरला विकला गेला, काही तुकडे तर हजाराच्या वर. नाव कुठे नोंदवावं लागत नाही. उद्या तुम्ही तुमच्या टाकीतल्या झोआला 'देवगड सूर्यास्त' म्हणालात, तर अडवणारं कुणी नाही. हाच तुकडा 'मूळ वंशावळीचा' आहे हे सिद्ध करणारा कागदही नाही.

तेव्हा भाच्याच्या पहिल्या फोटोतली किंमत ही मुहूर्ताच्या पेटीची किंमत आहे. जानेवारीत वाशीला पहिली पेटी येते, तिला हार घालतात, बोली लागते. मे महिन्यात तोच आंबा गल्लीत हातगाडीवर येतो. चवीत मे महिन्याचा आंबा कमी नसतो, उलट बरा असतो.

"पण हे पैसे वसूल होतात ना!"

महाग फ्रॅग घेणारा प्रत्येक जण स्वतःला हे समजावतो. वाढवू, कापू, विकू. कागदावर गणित सुरेखही दिसतं. एकाचे वर्षात दोन झाले असं धरलं तरी तीन वर्षांत आठ.

खोट अशी आहे की तुमच्याकडे आठ होतात तेव्हा घेणाऱ्या बाकीच्यांकडेही आठ झालेले असतात. जो झोआ भराभर वाढतो त्याचा भाव भराभर पडतो. ज्याचा भाव टिकतो, तो वाढत नाही म्हणून टिकतो, आणि न वाढणारा तुकडा विकायचा कुठून? गिऱ्हाईक दोन्हीकडून मार खातं. बाउन्स मश्रूममध्ये तर आणखी गंमत. त्याचे फुगे टाकी बदलली की जाऊ शकतात, आणि पिल्लांवर येतीलच असं नाही. म्हणजे ज्या फुग्यांचे पैसे दिले तेच घरी आल्यावर मावळतात.

विक्रेत्याची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. प्रवासात मरणारे तुकडे, महिनोनमहिने जागा अडवून बसलेले फ्रॅग, वीजबिल हे सगळं त्याला किमतीत घालावंच लागतं. माझी तक्रार त्या खर्चाबद्दल नाही. तो खर्च साध्या मश्रूमवरही होतो, आणि तरी तो स्वस्त मिळतो. वरचा फरक नावाचा.

निळा उजेड, पांढरा उजेड

दोन फोटो शेजारी ठेवले तेव्हा मला पहिली शंका उजेडाची आली. प्रवाळांत चमकणारी प्रथिनं असतात. त्यांच्यावर निळा प्रकाश पडला की ती हिरवा, नारिंगी उजेड परत टाकतात. दुकानात दिवे निळे, फोटो निळ्यातला, वर मोबाइल रंग चढवतो. तोच तुकडा दिवसाच्या पांढऱ्या उजेडात आणा, तो बराचसा तपकिरी दिसेल, कारण आतलं शैवाल तपकिरीच असतं. यात फसवणूक असेलच असं नाही. पण टाकी दिवाणखान्यात, खिडकीसमोर असेल तर दिवसभर तुम्ही तो तपकिरी रंगच बघणार आहात. साध्या हिरव्या मश्रूमचा फोटो पांढऱ्या उजेडातला होता. जे दिसतं ते तेच.

टॉर्च, अ‍ॅक्रोपोरा वगैरे कठीण प्रवाळ : हा रकाना कायद्याने बंद

भाच्याच्या मनात मागे एक तिसरा पर्यायही होता, सोनेरी टॉर्च. हा कठीण प्रवाळ, म्हणजे आत चुन्याचा सांगाडा असलेला, भाव एकेका मुंडक्यामागे. इंडोनेशियाने 2018 मध्ये प्रवाळाची निर्यात थांबवली तेव्हा जगभर त्याचे दर चढले.

आपल्याकडे मात्र इथे किमतीची तुलना करण्यात अर्थच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये 2001 साली सगळे रीफ (समुद्रातले प्रवाळखडक) बांधणारे कठीण प्रवाळ आले. सोबत काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही. या अनुसूचीतल्या गुन्ह्याला 3 ते 7 वर्षं कैद आहे. कठीण प्रवाळ साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्येही आहेत, त्यामुळे परदेशातून आणायचे तर परवान्यांची वेगळीच माळ लागते. कुरियरने थर्माकोलच्या डब्यातून विनाबिल येणारा टॉर्च स्वस्त असो की महाग, नको. (जाता जाता : घराच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं 'इंद्रजाल' हे वनस्पती नसून बहुतेक वेळा समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ असतं. तेही याच यादीतलं.)

झोआ आणि मश्रूम या यादीत नाहीत. तरी बिल घ्याच आणि शक्यतो इथल्याच एखाद्या छंदिष्टाच्या टाकीत वाढलेला तुकडा घ्या.

आणि खडकावरून उचलायचा विचार मनात आणू नका. आपल्या खडकाळ किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी लागली की झोआंची अख्खी सतरंजी उघडी पडते. रंग मळकट हिरवा, नाव नाही, म्हणून कुणी वळूनही बघत नाही. मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय झोआ आणि त्याचा भाऊबंद पॅलिथोआ यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. ही गोष्ट विकत आणलेल्या झोआलाही लागू. हाताळताना हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि झोआ चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकायचा नाही. त्याच्या वाफेने माणसं दवाखान्यात गेली आहेत. मश्रूमला हा ताप नाही, हे माझ्या तराजूत मश्रूमकडे पडलेलं मोठं वजन.

वीज गेली की कोण टिकतं

महागड्या प्रवाळांवरची बहुतेक माहिती अशा ठिकाणी लिहिली जाते, जिथे दिवे जात नाहीत. इथे 3 जून 2020 ला निसर्ग आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. तौक्तेत आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपला. बॅटरीवरच्या हवेच्या पंपाने मासे वाचले. माझा एकुलता एक नाववाला झोआ, ज्याच्यासाठी मी वर्षभराची हौस मोडली होती, चौथ्या दिवशी विरघळला. मश्रूम आक्रसून सुपारीएवढे झाले होते. वीज आल्यावर आठवड्याभरात पुन्हा बशीएवढे पसरले.

एका घरचा अनुभव म्हणजे नियम नव्हे. पण मश्रूमला उजेड कमी चालतो, प्रवाह कमी चालतो, पाण्यात थोडी घाण झाली तरी तो तक्रार करत नाही, हे पाळणारे सगळेच सांगतील.

उन्हाळ्याचंही तसंच. टाकीला 25-26 अंश हवेत. कोरड्या गावात पाण्यावर पंखा सोडला की भागतं. आपल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, त्यामुळे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतो. दोनशे वॅटचा चिलर दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला 60 युनिट. पाण्यासाठी लिटरला 35 ग्रॅम मीठ लागतं. आठवड्याला 20 लिटर बदललं तर महिन्याला जवळजवळ तीन किलो. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी प्यायला अमृत असेल, टाकीसाठी गाळूनच घ्यावं लागतं. समुद्राचं पाणी फुकट आहे, पण जेटीवरच्या पाण्यात डिझेल आणि पावसाळ्यात नदीचा गढूळ लोंढा. हे सगळे खर्च दोन्ही फोटोंना सारखेच लागू आहेत, आणि म्हणूनच नावापायी घातलेला पैसा मला खुपतो. तोच पैसा मोठ्या इन्व्हर्टरकडे वळला असता तर माझा झोआही कदाचित जगला असता.

मग नाववाला कधी घ्यावा

टाकी वर्षभर स्थिर चालली असेल, एक पावसाळा आणि एक मे महिना पार पडला असेल, आणि तो रंग खरोखर डोक्यातून जात नसेल, तेव्हा. तेही नाव बाजारात येऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर. तोवर थांबायची तयारी नसेल तर आपण प्रवाळ घेत नसून पहिलेपणा घेतोय, एवढं कबूल करून घ्यावा. हौसेला मोल नसतं, हेही मला मान्य आहे.

नुसते मासेच ठेवायचा पर्यायही वाईट नाही. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे हॅचरीत होते, आणि त्यांना मश्रूमची साथ असली-नसली तरी चालतं.

भाच्याला मी मश्रूमचा एक दगड घ्यायला सांगितलंय. चार नव्हे, एकच. बाकीचे तो स्वतःच करेल. पहिल्या फोटोचा मोह सुटेना म्हणून त्याने विक्रेत्याला विचारलं, "पांढऱ्या उजेडातला एक फोटो पाठवाल का?"

काल रात्री उत्तर आलं : "सध्या पॉलिप मिटलेले आहेत."